किडनी बायोप्सी प्रोटीनसाठी केली, रिपोर्टमध्ये खाली 'ट्यूमर' लिहून आलंय. कुणाला अनुभव आहे का?

जागरण

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणार आहे पण वाचा प्लीज, दोन रात्री डोळ्याला डोळा नाहीये.

बाबा ६१ वर्षांचे. अडीच महिन्यांपासून पाय सुजायचे, आधी वाटलं उभं राहून राहून होत असेल, मग सकाळी डोळ्यांखाली पण सूज दिसायला लागली आणि लघवीला फेस यायला लागला. तपासण्या केल्या तर २४ तासांच्या लघवीत प्रोटीन ६.८ ग्रॅम, रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) २.३ म्हणजे कमी, क्रिएटिनिन मात्र १.० म्हणजे नॉर्मल. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या नॉर्मल, गाठबिठ काही नाही असं स्पष्ट लिहिलेलं. मग नेफ्रॉलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) बायोप्सी सांगितली. पालथं झोपवून, सोनोग्राफीवर बघत बघत सुई घातली, दोनदा खट खट आवाज आला म्हणे, नंतर सहा तास उताणं पडून राहायचं. लघवीत एकदा किंचित लालसर आलं आणि थांबलं. ते सगळं नीट पार पडलं.

आता रिपोर्ट. सगळ्यात वर लिहिलंय मेंब्रेनस नेफ्रोपॅथी (किडनीच्या गाळण्यांचा आजार, त्यात लघवीतून प्रोटीन जातं), पीएलए२आर पॉझिटिव्ह, १८ ग्लोमेरुलाय. हे डॉक्टर आधीच म्हणाले होते की बहुतेक हेच निघेल. पण सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीत, योगायोगाने आढळलेलं म्हणून असं लिहिलंय की मेड्युलाच्या भागात १.५ मिमीची 'रेनोमेड्युलरी इंटरस्टिशियल सेल ट्यूमर' आहे, बिनाइन.

ती एक ओळ वाचली आणि घरात वरची सगळी पानं कुणी वाचलीच नाहीत. आत्या रडायलाच लागली. भावोजी म्हणतात आधी ती गाठ काढून घ्या, मग बाकीची औषधं, नाहीतर ती वाढेल. आणि बाबांनी परवापासून गोळ्याच बंद केल्यात, बीपीची ती प्रोटीन कमी करणारी, लघवीची, सगळ्या. म्हणतात 'कॅन्सरच आहे तर गोळ्या गिळून काय करायचंय'. भरीस भर म्हणजे डॉक्टर फोनवर म्हणाले होते की या आजारात कधी कधी कुठेतरी कॅन्सर लपलेला असतो, तो एकदा बघून घ्यावा लागतो. मग हाच तो लपलेला का? सोनोग्राफी नॉर्मल होती तर ती चुकीची होती का? अपॉइंटमेंट गुरुवारी आहे, तोपर्यंत कसं काढायचं कळत नाहीये.

स्लाइडवाला

ताई, मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, १४ वर्षं हेच करतोय, त्यात किडनीच्या बायोप्स्या खूप हाताखालून गेल्यात. त्यामुळे औषधाचं मी काही बोलणार नाही, पण ती शेवटची ओळ कागदावर कशी येते ते सांगतो, म्हणजे जीव थोडा खाली पडेल.

सुईतून जे येतं ना त्याला आम्ही कोअर म्हणतो. जेमतेम एक मिलिमीटर जाड आणि एक दीड सेंटिमीटर लांब, ओल्या दोऱ्याच्या तुकड्यासारखं दिसतं. ताजं असताना भिंगाखाली धरलं की एका टोकाला बारीक बारीक लालसर ठिपके दिसतात, ते ग्लोमेरुलाय, म्हणजे गाळण्या. त्या फक्त किडनीच्या बाहेरच्या थरात असतात, कॉर्टेक्समध्ये. डॉक्टरांना खरं तर तेवढंच हवं असतं. पण सुई स्प्रिंगवर सुटते, ती कधी कधी थोडी खोल जाते आणि आतला मेड्युलाचा भाग पण घेऊन येते. तुमच्या बाबांचं तेच झालेलं दिसतंय. ही तुमची ट्यूमर राहतेच मेड्युलामध्ये, म्हणजे सुई अर्धा सेंटिमीटर वर थांबली असती तर ही ओळ रिपोर्टमध्ये आलीच नसती आणि गाठ मात्र तिथेच असती, जशी कित्येक वर्षं असेल तशी.

आणि ही गाठ दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. मृत्यूनंतर मोठ्या माणसांच्या किडन्या बारकाईने कापून बघितल्या तर खूप जणांत सापडते, कुणात एक कुणात दोन चार. बहुतेक ५ मिमीच्या आतच असतात. त्या माणसांना आयुष्यभर पत्ता नसतो. पूर्वी हिला मेड्युलरी फायब्रोमा म्हणायचे, ते नाव लिहिलं असतं तर तुमची आत्या रडली नसती बहुतेक :) ट्यूमर म्हणजे पॅथॉलॉजीच्या भाषेत फक्त गाठ, कॅन्सर नव्हे, आणि बिनाइन म्हणजे कॅन्सर नसलेली साधी. पण लोकांच्या कानाला ते दोन्ही एकच, त्याला काय करणार.

सोनोग्राफी चुकीची नव्हती. १.५ मिमीची गोष्ट सोनोग्राफीत दिसतच नाही. सीटीतही एवढ्या बारीक गोष्टीचं काही सांगता येत नाही. दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी बरोबर आहेत.

एक विचारा फक्त. या गाठीत कधी कधी अमायलॉइड असतं, म्हणजे एक प्रकारचं प्रोटीन साचलेलं. आणि ज्याच्या लघवीत एवढं प्रोटीन जातंय त्याच्या बायोप्सीत अमायलॉइड दिसलं की आम्हा लोकांचे कान टवकारतात, कारण अमायलॉइडोसिस हा वेगळा आणि मोठा आजार आहे. म्हणून काँगो रेड नावाचा स्टेन करतात, आणि ते गाठीपुरतंच आहे की गाळण्यांमध्ये आणि रक्तवाहिन्यांमध्येही आहे हे बघतात. रिपोर्टमध्ये काँगो रेड निगेटिव्ह असं कुठे लिहिलंय का बघा. असेल तर तोही विषय मिटला.

जागरण

हो हो, लिहिलंय! तिसऱ्या पानावर 'काँगो रेड निगेटिव्ह' अशी एक ओळ आहे, मला वाटलं हा काहीतरी रंगाचा प्रकार असेल. खूप खूप आभार दादा. बाबांना वाचून दाखवते.

सरळसोट

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ट्यूमर म्हटल्यावर रिस्क कशाला घ्यायची? किडनी दोन असतात, माणूस एकीवर आरामात जगतो, दान करतात की लोक. ज्या बाजूला आहे ती काढून टाका आणि मोकळे व्हा. माझ्या मावसभावाने असंच केलं, आज सहा वर्षं झाली, ठणठणीत आहे.

स्लाइडवाला

मावसभावाची गाठ केवढी होती आणि कसली होती ते माहितीये का? आणि त्यांची दुसरी किडनी धडधाकट होती की दिवसाला सात ग्रॅम प्रोटीन गाळून टाकत होती?

मेंब्रेनस हा एका किडनीचा आजार नाहीये हो. दोन्हीकडच्या सगळ्या गाळण्यांवर सारखाच असतो. म्हणजे एक काढलीत तर उरलेली आजारीच उरणार आणि तिच्यावर दुप्पट भार. दीड मिमीच्या साध्या गाठीसाठी? उवांसाठी डोकं कापायचा प्रकार झाला हा. आणि गंमत म्हणजे कोअरमध्ये गाठीच्या दोन्ही बाजूंना नॉर्मल मेड्युला दिसत असेल तर तिचा मधला भाग सुईनेच उचलून आणलाय असं समजा.

आयजीएवाली

जागरण, तुझी पोस्ट वाचून मला तीन वर्षांपूर्वीची मीच आठवले. पण माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती इथे लिहिणं मला गरजेचं वाटतंय कारण पुढे कुणीतरी हा धागा वाचेल आणि 'बायोप्सीत सापडलेली छोटी गाठ म्हणजे काही नसतंच' असा अर्थ काढेल. तसंही नाहीये.

माझी बायोप्सी आयजीए नेफ्रोपॅथीच्या (गाळण्यांचाच एक वेगळा आजार) संशयावरून झाली, लघवीत रक्तपेशी आणि दीड ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. आयजीए निघालं. आणि कॉर्टेक्सच्या तुकड्यात साधारण १ मिमीचा एक पॅपिलरी भाग दिसला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की लो ग्रेड (म्हणजे पेशी फार बिघडलेल्या नाहीत असं) दिसतंय, पॅपिलरी अडेनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली बारीक गाठ, असण्याची शक्यता जास्त, पण इमेजिंगशी (सोनोग्राफी, एमआरआय वगैरे) ताडून बघावं. मला त्या 'पण' चा इतका राग आला होता. एक तर आहे म्हणा नाहीतर नाही म्हणा ना बाबा! सरळ डॉक्टरांना विचारलं की पॅथॉलॉजिस्ट हात झटकतायत का.

तर त्यांनी माझ्यासमोर पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मॅडमनी जे सांगितलं ते मी तेव्हा वहीत लिहून ठेवलंय. पॅपिलरी अडेनोमा म्हणायला पेशी लो ग्रेड असाव्या लागतात, गाठीला कवच नसावं लागतं आणि साइज १५ मिमीपर्यंत असावी लागते (पूर्वी ही मर्यादा ५ मिमी होती, २०१६ च्या डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात ती १५ केली). यातलं सुईला फक्त पहिलं कळतं. कवच कडेला असतं आणि कड सुईच्या तुकड्यात आलीच नाही तर? साइजचंही तेच, तुकड्यात १ मिमी दिसलं म्हणजे गाठ १ मिमीचीच आहे असं नाही, ती एखाद्या मोठ्या गाठीची कडही असू शकते. म्हणून 'ताडून बघा'. मग माझा एमआरआय झाला, त्यात किडनीत कुठेच गाठ दिसली नाही. म्हणजे जे होतं ते बारीकच होतं. पहिली दोन वर्षं सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली, आता वर्षातून एकदा, तीही आयजीएच्या फॉलोअपसोबतच.

ज्यांच्या किडन्या जुन्या आजाराने खराब झालेल्या असतात किंवा जे डायलिसिसवर असतात त्यांच्यात ही अडेनोमा जास्त सापडते असंही मॅडम म्हणाल्या होत्या. तुझ्या बाबांची गाठ वेगळ्या जातीची आहे, त्यामुळे घाबरवायला लिहीत नाहीये.

स्लाइडवाला

ताई एकदम बरोबर लिहिलंत, माझं घाईत हे राहूनच गेलं होतं. आपल्याकडे म्हणतात ना शितावरून भाताची परीक्षा. मेंब्रेनस, आयजीए असल्या आजारांसाठी बायोप्सी म्हणजे तेच आहे. सगळा भात एकसारखा शिजलेला असतो म्हणून दहा वीस गाळण्या बघून लाखो गाळण्यांचं सांगता येतं. (आयजीएमध्ये थोडं कमी जास्त असतं पण चालतं.) गाठीला मात्र ही म्हण लागू होत नाही, भातात एकच खडा असेल तर त्याची साइज बाजूच्या शितावरून कशी कळणार. तुमच्या मॅडमनी हात झटकले नाहीत, जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं. मला विचाराल तर असे 'पण' लिहिणारे पॅथॉलॉजिस्ट चांगले.

चरबीवाला गडी

मला सोनोग्राफीत १२ मिमीची अँजिओमायोलिपोमा निघालीये उजव्या किडनीत. बायोप्सी नाही केली, सीटीत चरबी दिसली म्हणून तेवढ्यावरच निदान झालं. डॉक्टर म्हणाले वर्षाने बघू. ही पण वाढते का? कॅन्सर होतो का?

नाईट_ड्युटी

@चरबीवाला, वेगळा धागा काढा, इथे जागरणचा प्रश्न मागे पडेल. थोडक्यात: चरबी, रक्तवाहिन्या आणि स्नायू यांची मिळून झालेली साधी गाठ, सीटीत चरबी स्पष्ट दिसली की बहुतेक वेळा बायोप्सी लागतच नाही. काळजी कॅन्सरची नसते, मोठी झाली की रक्तस्राव होण्याची असते, त्यासाठी साधारण ४ सेंटिमीटरचा आकडा धरतात. १२ मिमी त्याच्या खूप आत आहे. दोन्ही किडन्यांत खूप गाठी असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाच्या जनुकीय आजाराचा विचार करतात, तुम्हाला एकच आहे. वर्षाने बघा म्हटलंय ना, तर वर्षाने खरंच जाऊन बघा, विसरू नका.

आता जागरण. मी नेफ्रॉलॉजीत ट्रेनिंग घेतेय, रात्रीची ड्युटी आहे, मध्ये मध्ये टाईप करतेय त्यामुळे तुटक वाटेल. तुझे डॉक्टर सांगतील तेच अंतिम, पण दोन गोष्टी गुरुवारपर्यंत थांबण्यासारख्या नाहीत म्हणून लिहिते.

पहिली, गोळ्या. त्या आज सुरू करायला सांग, आणि दोन दिवस चुकल्याचं डॉक्टरांना फोन करून कळव. खरं सांगू का, तुझ्या पूर्ण पोस्टमध्ये मला भीती वाटली ती फक्त त्या वाक्याची. गाठीची नाही. मेंब्रेनसमध्ये अल्ब्युमिन एवढं खाली गेलं की रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो, २.५ च्या खाली तर आम्ही जास्तच सावध असतो. बायोप्सी नुकतीच झालीये म्हणून रक्त पातळ करायचं औषध द्यायचं की नाही आणि कधी, ते ठरवायचं राहिलं असेल, ते गुरुवारी आठवणीने विचार. तोपर्यंत एकच पाय अचानक जास्त सुजला, पोटरी दुखायला लागली, कमरेच्या बाजूला एकदम कळ येऊन लघवी लाल झाली किंवा दम लागला तर गुरुवारची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा. आणि अंगदुखीसाठी घरातली कुठलीही पेनकिलर देऊ नका.

दुसरी, 'लपलेला कॅन्सर'. डॉक्टर बरोबरच बोलले पण फोनवर अर्धवट ऐकलं गेलं. मेंब्रेनस कधी कधी दुसऱ्या कशामुळे तरी होतो, हिपॅटायटिस बी, काही औषधं, ल्युपस, आणि मोठ्या वयात काही जणांत कॅन्सर. तो म्हणजे फुफ्फुस, आतडं, प्रोस्टेट असल्या ठिकाणचा खरा कॅन्सर. किडनीच्या मेड्युलातली दीड मिमीची बिनाइन गाठ या यादीत बसत नाही. शिवाय बाबांचं पीएलए२आर पॉझिटिव्ह आहे. हे २००९ मध्ये सापडलं, त्याआधी आम्हाला अंदाजच लावावा लागायचा. पीएलए२आर पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने गाळणीच्याच एका प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी केल्यात, आणि मग आजार मूळचाच असण्याची शक्यता खूप वाढते. तरीही ६१ व्या वर्षी छाती बघणं, प्रोस्टेट बघणं, संडासातलं रक्त तपासणं एवढं करून घेतात. ती रूटीन खबरदारी आहे, या ओळीमुळे निघालेली नाही.

उपचाराचं थोडंसं. साधारण एक तृतीयांश लोकांत मेंब्रेनस मोठ्या औषधांशिवाय आपोआप ओसरतो, म्हणून क्रिएटिनिन चांगलं असेल तर काही महिने बीपीची गोळी, लघवीची गोळी, मीठ कमी, कोलेस्ट्रॉलची गोळी यावर लक्ष ठेवून थांबायची पद्धत आहे. नाही ओसरलं किंवा धोका जास्त वाटला तर रिटुक्सिमॅब, किंवा स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड, ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं. भावोजी म्हणतात तसं 'गाठ आहे म्हणून औषध थांबवा' असं या गाठीसाठी कुणी करत नाही. खरा कॅन्सर असता तर गोष्ट वेगळी होती.

सरळसोट

बरं बाबा, मी किडनी काढा म्हटलेलं मागे घेतो. मावसभावाला आत्ताच फोन लावून विचारलं, त्याची गाठ ६ सेंटिमीटर होती आणि कॅन्सरच होता. मिलिमीटर आणि सेंटिमीटरमध्ये माझीच गल्लत झाली.

आयजीएवाली

मागे घेतलंत हेच खूप. इथे कुणी घेत नाही :)

जागरण

गुरुवारचा अपडेट. उशीर झाला, सॉरी.

आधी हे की नाईट_ड्युटीचा मेसेज मी त्याच रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. गुठळ्यांचं ऐकून ते उठले आणि काही न बोलता गोळ्या घेऊन आले. सकाळी डॉक्टरांना फोन केला, थोडं बोलणं खाल्लं, ते ठीकच आहे.

डॉक्टरांनी रिपोर्टची पानं टेबलावर क्रमाने लावली, म्हणजे शेवटचं पान सगळ्यात खाली, आणि म्हणाले आपण वरून वाचू. पाऊण तासात चाळीस मिनिटं मेंब्रेनसवरच बोलले. गाठीवर दोन मिनिटं, तेही मी विचारलं म्हणून. स्लाइडवाला दादा, तुम्ही म्हणालात तेच, दोन्ही बाजूंना नॉर्मल मेड्युला आहे असं त्यांनी पॅथॉलॉजिस्टना विचारून ठेवलं होतं. वेगळा एमआरआय नको म्हणाले. पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी, आणि ती पण गाठीसाठी नाही, गाठ त्यात दिसणारच नाहीये. छातीचा सीटी झाला, क्लिअर आहे. प्रोस्टेटची रक्ततपासणी नॉर्मल. संडासाची तपासणी द्यायचीये अजून, बाबा टाळतायत.

रक्तातली पीएलए२आरची पातळी आत्ता एकदा आणि तीन महिन्यांनी परत करायची, ती प्रोटीनच्या आधी खाली येते म्हणे, म्हणजे औषध लागणार की नाही याचा अंदाज येतो. रक्त पातळ करायचं औषध बायोप्सीला दोन आठवडे झाले की सुरू करणार. रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन करून लिहून ठेवायचंय.

भावोजींना काय सांगायचं हा प्रश्न होता. बाबांनीच फोन केला त्यांना आणि म्हणाले, 'गाठ आहे, पण ती माझ्याबरोबरच म्हातारी झालीये, तिला राहू दे.' आत्याला मात्र अजून पटलेलं नाहीये. ती रोज विचारते ट्यूमर कसा आहे.

एक शेवटचं विचारायचं होतं, ती स्लाइड आणि तो मेणाचा ठोकळा लॅबमधून मागून घ्यायचा का? डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

स्लाइडवाला

ठोकळा लॅबमध्येच राहू द्या, तो ब्लॉक. तिथे नीट जपतात, घरी उन्हात राहिला तर मेण वितळतं. दुसरीकडे दाखवायचं झालं की तेव्हा अर्ज करून घ्या. रिपोर्टवर एक बायोप्सी नंबर असतो तो मात्र आत्ताच वहीत लिहून ठेवा, वजनाच्या त्याच वहीत पहिल्या पानावर. पाच वर्षांनी कुणी विचारलं तर लोकांना नेमका तोच सापडत नाही.

जागरण

लिहिला. बाबांनी त्याच पानावर आजचं वजन पण लिहिलंय, ७१.४. परवा ७२.९ होतं.